कोळशाने किती वायू धरला?

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरण्यांची मुंबई सोडून इतक्या आत कारखाना काढण्यामागे टाटांचा हिशेब साधा होता. कापूस वऱ्हाड-नागपूरच्या शेतात, रेल्वे दारात आणि बॉयलरसाठी लागणारा कोळसा वरोऱ्याला. वरोऱ्याची सरकारी खाण त्याच दशकातली, वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे तिथवर गेलेला रेल्वेमार्गही त्याच दशकातला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या थिओडोर ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातील कोळशावरचा विस्तृत ग्रंथही १८७७ मध्येच प्रसिद्ध झाला. इथल्या खडकांची ओळख मात्र त्याआधीची आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटजवळ पुरात बुडून वारले. त्याआधी त्यांनी कामठीच्या वालुकाश्मातले वनस्पतींचे जीवाश्म गोळा करून त्यांचे वर्णन इंग्लंडच्या विद्वानांपर्यंत पोचवले होते.

गिरणीला कोळसा मिळाला, पण त्याच्यासोबत एक खोडही आली. या खोऱ्यातला कोळसा झारखंडातल्या झरियाच्या मानाने कमी परिपक्व आणि जास्त ओलसर आहे. असा कोळसा ढिगात किंवा खाणीतल्या सोडलेल्या भागात पडून राहिला, की कोणी काडी न लावताही तापतो, धुमसतो आणि पेट घेतो. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली, बल्लारपूर पुढे आले, मग कामठी आणि उमरेडची कोळसाक्षेत्रे आली. खोड मात्र राहिली. कोळसा पेटतो तो त्याने पृष्ठभागावर धरलेल्या वायूमुळे. त्या वायूचा हिशेब कसा मांडायचा, हे शिकायला रसायनशास्त्राला दीड शतक लागले.

कोळसा वायू धरतो, हे अठराव्या शतकातच लक्षात आले होते. स्वीडनचा शेले आणि इटलीचा फोंताना यांनी १७७० च्या दशकात पाहिले, की तापवून रिकामा केलेला लोणारी कोळसा थंड होताना आपल्या आकारमानाच्या कितीतरी पट हवा ओढून घेतो. १८१४ साली जिनिव्हाच्या थिओडोर द सोस्यूरने त्याचे आकडेच मांडले. एका आकारमानाच्या कोळशात अमोनियाची ९० आकारमाने मावली, कार्बन डायऑक्साइडची ३५, ऑक्सिजनची सव्वानऊ आणि हायड्रोजनची जेमतेम पावणेदोन. त्याच्या प्रयोगांतून दोन गोष्टी निघतात. पहिली, कोळसा सगळे वायू सारख्या ओढीने धरत नाही. सहज द्रवरूप होणाऱ्या वायूंवर त्याचा जास्त जीव. दुसरी, वायू धरताना कोळसा गरम होतो. वायूचे रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटून राहण्याच्या या क्रियेला आपण अधिशोषण म्हणतो. स्पंज पाणी पितो तसा वायू इथे पदार्थाच्या आत मुरत नाही. तो पृष्ठभागावरच थांबतो. कोळशाचा पृष्ठभाग बाहेरून दिसतो त्याहून फार मोठा असतो, कारण तो आतल्या सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींवर पसरलेला असतो.

खाणीतल्या आगीचा दोष तेव्हा कोळशातल्या गंधकयुक्त पायराइटला देत. १८६० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन रसायनज्ञ रिख्टर्स यांनी दाखवले, की पायराइट नसलेला कोळसाही हवेतला ऑक्सिजन घेतो आणि तापतो. ऑक्सिजनचे रेणू आधी नुसते पृष्ठभागाला चिकटतात, मग कोळशाशी रासायनिक बंध जोडतात, आणि प्रत्येक पायरीवर उष्णता बाहेर पडते. भरपूर वारा असेल तर ती वाहून जाते. हवाच नसेल तर क्रिया थांबते. धोका या दोहोंच्या मधल्या अवस्थेत असतो. हवा झिरपते, पण उष्णता बाहेर काढण्याइतकी नाही. कोळसा जितका गरम, तितका तो ऑक्सिजन वेगाने घेतो, आणि जितका घेतो, तितका आणखी गरम होतो.

पण बंद केलेल्या गल्लीमागे किंवा कोसळलेल्या छताखाली कोळशाने किती ऑक्सिजन घेतला, हे कसे कळावे? तिथे माणूस जाऊ शकत नाही. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे इंग्लंडच्या आयव्हन ग्रॅहमने यावर एक तोड काढली. कोळशाकडे पाहायचेच नाही. त्याच्यावरून वाहून परतलेल्या हवेकडे पाहायचे. नायट्रोजन कोळशाशी रासायनिक देवाणघेवाण करत नाही. तेव्हा परतीच्या हवेतला नायट्रोजन मोजला, की मुळात तिच्यात ऑक्सिजन किती असणार हे सांगता येते, कारण ताज्या हवेत हे प्रमाण ठरलेले आहे. नायट्रोजनच्या टक्केवारीला ०.२६५ ने गुणायचे. त्यातून प्रत्यक्ष सापडलेला ऑक्सिजन वजा केला, की उरते ती कोळशाने केलेली उचल. नमुन्यात तयार झालेल्या कार्बन मोनॉक्साइडला या उचलीने भागायचे आणि शंभराने गुणायचे. तो ग्रॅहमचा गुणांक.

समजा नमुन्यात नायट्रोजन ७९.५ टक्के आणि ऑक्सिजन २०.४ टक्के आला. ७९.५ ला ०.२६५ ने गुणले की २१.०७. म्हणजे ०.६७ टक्के ऑक्सिजन कोळशाने घेतला. कार्बन मोनॉक्साइड ०.००३ टक्के असेल तर गुणांक ०.४५ येतो, आणि खाणीचा अधिकारी निर्धास्त राहतो. काही दिवसांनी तोच वायू ०.०१ टक्के झाला तर गुणांक १.५ होतो. एकच्या पुढे गेले की कुठेतरी कोळसा तापतोय, दोनच्या पुढे ते गंभीर, तीनच्या पुढे आग लागलेलीच, असा ढोबळ नियम आहे. यातले सगळे शहाणपण भागाकारात आहे. थंड कोळसाही ऑक्सिजन घेतो, पण त्याचे कार्बन मोनॉक्साइड फारसे करत नाही. तापलेला करतो. म्हणून नुसता मोनॉक्साइड मोजून भागत नाही, त्याच्यामागे किती ऑक्सिजन गेला तेही पाहावे लागते. मात्र आग विझवायला बाहेरून नायट्रोजन सोडला असेल तर गणिताचा पायाच ढासळतो आणि उत्तर फसवे येते.

ग्रॅहमचे काम खाणीपुरते होते. अधिशोषणाचे सर्वसाधारण गणित आले ते दिव्याच्या कारखान्यातून. आयर्व्हिंग लँगम्यूर १९०९ मध्ये अमेरिकेतल्या स्केनेक्टडी इथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रुजू झाला. विजेच्या दिव्यातली टंगस्टनची तार झिजते, काच काळी पडते, आणि निर्वात केलेल्या दिव्यातही थोडा वायू उरतोच. त्याचा माग काढता काढता तो काच, अभ्रक आणि प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर वायू कसा बसतो या प्रश्नापाशी पोचला. १९१८ च्या त्याच्या निबंधातले गृहीतक असे: पृष्ठभागावर ठरावीक जागा आहेत, सगळ्या सारख्या, एका जागेवर एकच रेणू, आणि शेजाऱ्यांचा एकमेकांशी संबंध नाही. रेणू येतात तसे सुटतातही. येणारे आणि सुटणारे समान झाले की समतोल. त्यातून निघालेले सूत्र असे, की दाब वाढवला की भरलेल्या जागा आधी भराभर वाढतात, मग वाढ मंदावते, आणि शेवटी सगळ्या जागा भरल्या की दाब कितीही वाढवा, फरक पडत नाही. १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल लँगम्यूरला मिळाले.

कोळशाच्या खाणीला या सूत्राचा थेट उपयोग आहे, कारण कोळशातला मिथेन बहुतांशी मोकळा नसतो. तो छिद्रांच्या भिंतींना चिकटलेला असतो आणि त्याला तिथे धरून ठेवतो तो जमिनीखालचा दाब. उदाहरणादाखल समजा, एका कोळशाची कमाल धारणशक्ती टनाला १५ घनमीटर आहे, आणि तिच्या निम्मी भरायला ३ मेगापास्कल दाब लागतो. दीडशे मीटर खोलीवर पाण्याच्या भाराचा दाब साधारण दीड मेगापास्कल धरला तर टनामागे ५ घनमीटर वायू मावेल. सहाशे मीटरवर दाब चौपट, पण वायू १० घनमीटर, म्हणजे फक्त दुप्पट. शिवाय ही झाली शुद्ध, कोरड्या कोळशाची गोष्ट. राख आणि ओल मिळून चाळीस टक्के असतील तर पाचाचे तीनच उरतात, कारण राख मिथेनला जागा देत नाही आणि पाणी त्याची जागा अडवते.

लँगम्यूर अमेरिकेत सपाट पृष्ठभागाचे गणित मांडत होता, तेव्हा युरोपात याच प्रश्नाचे वेगळे उत्तर एका तरुणाने दिले होते. हंगेरीचा मायकेल पोलान्यी, शिक्षणाने डॉक्टर, युद्धात लष्करी वैद्यकीय अधिकारी. त्याचे म्हणणे, की भिंतीची ओढ एका थरापुरती नसते, ती पुढेही पोचते आणि वायूला जवळजवळ द्रवासारखे दाटून टाकते. युद्धानंतर बर्लिनमध्ये फ्रिट्झ हाबरच्या संस्थेत त्याने हे मांडले. समोर आइन्स्टाइन बसलेला. हाबर आणि आइन्स्टाइन दोघांनीही सिद्धांत झिडकारला. अणूंमधली अशी लांब पोचणारी ओढ तेव्हाच्या भौतिकशास्त्रात बसत नव्हती. पोलान्यीने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे, की आपल्या विद्यार्थ्यांना तो लँगम्यूरचेच मत शिकवत राहिला. १९३० मध्ये फ्रिट्झ लंडनने पुंजयामिकीतून ती ओढ सिद्ध केली, तरी पोलान्यीचे नाव मागेच राहिले.

त्याला वाली मिळाला मॉस्कोत, तोही गॅस मास्कच्या निमित्ताने. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला. त्या हल्ल्याची सूत्रे हाबरकडेच होती. उत्तर म्हणून रशियाच्या झेलिन्स्कीने क्रियाशील कोळशाचा मुखवटा बनवला. अमेरिकेत नारळाच्या करवंट्या आणि पीचच्या आठळ्या लोकांकडून गोळा करून त्यांचा कोळसा केला गेला. या कोळशांची छिद्रे इतकी बारीक, की समोरासमोरच्या दोन्ही भिंतींची ओढ एकाच रेणूवर पडते. अशा छिद्रात थर मोजण्याला अर्थ नसतो, वायू छिद्र भरून टाकतो. मॉस्कोच्या मिखाईल दुबिनिनने पोलान्यीची कल्पना घेऊन १९४७ मध्ये राडुश्केविचबरोबर या छिद्रभरतीचे सूत्र दिले. दगडी कोळशालाही तेच जास्त लागू पडते.

दरम्यान वॉशिंग्टनला तिसराच धागा विणला जात होता. हाबरच्या पद्धतीने अमोनिया बनवायला लोखंडाचे उत्प्रेरक लागते, आणि त्याचा दर्जा त्याच्या पृष्ठभागावर ठरतो. तो मोजायचा कसा? नायट्रोजन प्रयोगशाळेतले स्टीफन ब्रुनॉअर आणि पॉल एमेट, आणि जवळच्याच विद्यापीठातले एडवर्ड टेलर, जे पुढे हायड्रोजन बॉम्बमुळे गाजले, यांनी १९३८ मध्ये लँगम्यूरचे एका थराचे सूत्र अनेक थरांसाठी वाढवले. तिघांच्या आद्याक्षरांवरून ते बीईटी म्हणून ओळखले जाते. नमुना द्रव नायट्रोजनात उणे १९६ अंशांपर्यंत थंड करायचा, त्यावर नायट्रोजन सोडायचा, आणि पहिला थर पुरा व्हायला किती लागला हे आलेखातून काढायचे. नायट्रोजनचा एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो असे धरले, की प्रमाण तापमान-दाबाच्या एक घनसेंटिमीटर वायूमागे ४.३५ चौरस मीटर पृष्ठभाग निघतो. चांगल्या क्रियाशील कोळशाचे उत्तर ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या आसपास येते. शेतीच्या हिशेबात बोलायचे तर चिमूटभर कोळशात दहा गुंठे.

दगडी कोळशावर हेच मोजमाप केले तेव्हा मात्र कोडे पडले. नायट्रोजनने मोजले तर ग्रॅमला जेमतेम काही चौरस मीटर. कार्बन डायऑक्साइडने, साध्या तापमानाला मोजले तर शंभर-दोनशे चौरस मीटर. कोळसा एकच, मग खरे कोणते? कारण तापमानात होते. उणे १९६ अंशांना नायट्रोजनचे रेणू इतके सुस्त असतात, की कोळशाच्या अरुंद वाटांतून प्रयोगाच्या वेळात आत पोचतच नाहीत. कार्बन डायऑक्साइडचा रेणू थोडा अरुंद, आणि साध्या तापमानाला तो चपळही असतो. म्हणजे पृष्ठभाग हा कोळशाचा एकच ठाम आकडा नव्हे. कोणत्या वायूने, कोणत्या तापमानाला, किती वेळ देऊन विचारले, यावर उत्तर ठरते.

हे सगळे ज्ञान नागपुरात कामाला लागले ते स्वातंत्र्यानंतर. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये पूर्ण झाले आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे वेकोलि, नागपूर हे मुख्यालय घेऊन उभी राहिली. खाणींचे आराखडे करणाऱ्या सीएमपीडीआयचे चौथे प्रादेशिक केंद्रही इथेच आहे. खाण नियमांनी वायूचा हिशेब कायद्यात आणला होता. टन कोळशामागे एक घनमीटरपर्यंत ज्वालाग्राही वायू सुटत असेल तर खाण पहिल्या श्रेणीची, दहापर्यंत दुसरी, त्यापुढे तिसरी. हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन असला की तो स्फोटक होतो, म्हणून श्रेणीप्रमाणे वायुवीजनाची बंधने कडक होत जातात. वर्धा खोऱ्यातला कोळसा तुलनेने उथळ आणि कमी परिपक्व, त्यामुळे झरियाच्या मानाने त्यात मिथेन कमी. केंद्र सरकारने १९९७ मध्ये कोळशातल्या मिथेनचे धोरण आणले, आणि बोलीच्या दुसऱ्या फेरीत वर्धा खोऱ्याचा गटही ओएनजीसीकडे गेला. पण व्यावसायिक उत्पादन उभे राहिले ते २००७ पासून बंगालच्या राणीगंजला, विदर्भात नाही. लँगम्यूरच्या सूत्रात इथली खोली आणि ओल घातली, की याचे फार आश्चर्य वाटत नाही.

ऑक्सिजनच्या बाबतीत मात्र पारडे उलटे आहे. कमी परिपक्व, छिद्रमय कोळसा ऑक्सिजन चटकन घेतो. म्हणून भूमिगत खाणीत पॅनेल, म्हणजे एका वेळी काढायचा कोळशाचा विभाग, आखतानाच त्याचा ‘इन्क्युबेशन पिरियड’ पाहतात. म्हणजे कोळसा काढायला सुरुवात केल्यापासून तो आपोआप तापू लागेपर्यंतचा काळ. पॅनेल एवढेच ठेवायचे, की हा काळ संपण्याआधी कोळसा काढून होईल आणि बंधारे बांधून ते बंद करता येईल. प्रयोगशाळेत ‘क्रॉसिंग पॉइंट’ काढतात. कोळशाची पूड आणि भट्टी मिनिटाला एक अंशाने तापवत नेतात, आणि कोळशाचे तापमान भट्टीच्या पुढे कधी जाते ते पाहतात. १२० ते १४० अंशांतच ते घडले तर कोळसा अतिशय भडकू, १६० च्या पुढे असेल तर बराच शांत.

कोळसा जळल्यानंतर त्याच गणिताची दुसरी बाजू सुरू होते. सत्तरच्या दशकात कोराडीचे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले, मग खापरखेडा. चिमणीतून कार्बन डायऑक्साइड, आणि भारतीय कोळशात राख पस्तीस-चाळीस टक्के, त्यामुळे तळाला राखेचे तलाव. दोन्हींकडे नागपूरच्याच एका संस्थेने पाहिले. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था म्हणून ती इथे स्थापन झाली, आणि १९७४ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, झाले. राखेत सिलिका आणि ॲल्युमिना असतात. झिओलाइट नावाच्या छिद्रमय स्फटिकांचा सांगाडाही याच दोहोंचा. नीरीच्या शास्त्रज्ञांनी राख कॉस्टिक सोड्याबरोबर तापवून, मग पाण्यात मुरवून आणि स्फटिक वाढवून झिओलाइट बनवण्याच्या पद्धती विकसित केल्या.

झिओलाइटची छिद्रे कोळशासारखी वेडीवाकडी नसतात, ती रेणूच्या मापाची आणि एकसारखी असतात. त्यांतल्या सोडियमच्या आयनांचे विद्युतक्षेत्र कार्बन डायऑक्साइडला नायट्रोजनपेक्षा जोराने ओढते. अडचण दोन ठिकाणी येते. चिमणीतला वायू गरम असतो, आणि तापमान वाढले की नुसते चिकटलेले रेणू सुटतात. शिवाय त्यात वाफ असते, आणि झिओलाइटला पाणी फार प्रिय. २००७ मध्ये नीरीच्या गटाने १३-एक्स झिओलाइटच्या छिद्रांत मोनोइथेनॉल अमाइन बसवून पाहिले. अमाइन कार्बन डायऑक्साइडशी रासायनिक बंध जोडते, म्हणून उष्णतेतही त्याला सहज सोडत नाही. साध्या झिओलाइटच्या तुलनेत ३० अंशांना क्षमता सुमारे १.६ पट भरली आणि १२० अंशांना सुमारे साडेतीन पट. हा साडेतीनचा आकडा वाचताना भाजकाकडेही पाहायला हवे. १२० अंशांना साध्या झिओलाइटची क्षमता मुळातच घसरलेली असते. तरी चिमणीजवळ जे तापमान असते तिथेच सुधारणा मोठी आहे, हे त्या कामाचे खरे महत्त्व.

खाण आणि चिमणी यांना जोडणारी एक कल्पनाही जगात करून झाली आहे. सोस्यूरच्या तक्त्यापासून माहीत आहे, की कोळशाला कार्बन डायऑक्साइड जास्त आवडतो. दगडी कोळसा मिथेनच्या निदान दुप्पट कार्बन डायऑक्साइड धरतो. मग चिमणीतला वायू खोल थरात सोडावा, त्याने मिथेनला हुसकावून तिथे कायमचे बसावे! १९९५ पासून अमेरिकेतल्या सॅन हुआन खोऱ्यात कार्बन डायऑक्साइड थरात सोडण्याचा प्रयोग झाला. मिथेन सुटला, पण कार्बन डायऑक्साइड धरून कोळसा फुगला, त्याच्या भेगा बुजल्या आणि वायू आत सोडणेच अवघड होत गेले. लँगम्यूरच्या गणितात पृष्ठभाग जागचा हलत नाही. खरा कोळसा हलतो.

दीडशे वर्षांच्या या हिशेबातली सूत्रे स्केनेक्टडी, मॉस्को आणि वॉशिंग्टनची आहेत, आणि ती कोणालाही पुस्तकातून मिळतात. त्यांत घालायचे आकडे मात्र बाहेरून आणता येत नाहीत. झरियाच्या कोळशाची धारणशक्ती उमरेडला चालत नाही, एका पॅनेलचा इन्क्युबेशन पिरियड शेजारच्या थराला चालेलच असे नाही, आणि एका वीज केंद्राची राख दुसऱ्या केंद्राच्या राखेसारखे स्फटिक देत नाही. मिथेनच्या उत्पन्नाचे स्वप्न विदर्भाच्या उथळ थरांत फारसे फळले नाही. आगीचा धोका मात्र टाटांच्या गिरणीच्या काळाइतकाच खरा आहे. म्हणून इथला कोळसा किती मिथेन देईल यापेक्षा तो रोज किती ऑक्सिजन घेतोय, याची मोजणी जास्त पैसे वाचवते आणि जास्त जीवही.